थंडी पडायच्या आत टायरचं काय काय बघून घेता?

चाकोरीबाहेर

नमस्कार मंडळी. पानगळ सुरू झालीये, सकाळी काचेवर दव दिसायला लागलंय आणि दरवर्षी याच सुमारास घरात जो वाद होतो तो याही वर्षी झाला, म्हणून म्हटलं इथेच विचारावं, गाडीतलं कळणारे बरेच जण आहेत इथे. गाडी साधी हॅचबॅक, ड्राइव्ह पुढच्या चाकांना, टायर ऑल-सीझन. नक्षीची खोली मोजली तर पुढे साधारण ४ मिमी आणि मागे साडेपाचच्या आसपास भरली. चिरा नाहीत, फुगा नाही. आमच्याकडे हिवाळ्यात बर्फ रोज नाही पण पडतो, आणि शून्याखाली तर बरेच दिवस असतं. नवऱ्याचं म्हणणं, कायदा १.६ मिमीपर्यंत चालतं म्हणतो म्हणजे अजून भरपूर आयुष्य आहे. माझं म्हणणं, कायदा काहीही म्हणो, मागच्या हिवाळ्यात सिग्नलला ब्रेक दाबला की गाडी जरा जास्तच पुढे जाऊन थांबायची.

तर हेच टायर अजून एक हिवाळा काढतील का? विंटर टायर घ्यायचेच झाले तर पुढचे दोनच घेऊन भागेल का, ड्राइव्ह पुढेच आहे म्हणून विचारते. आणि तिसरं म्हणजे हल्ली सकाळी गाडी चालू केली की डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो, थोडं चालवलं की आपोआप जातो. नवरा म्हणतो सेन्सर गंडलाय. खरंच?

पाना_नंबर_१७

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण त्याचा इलाज आजच होण्यासारखा आहे. सेन्सर बिचारा बरोबर बोलतोय. हवा गार झाली की टायरमधला दाब उतरतो, ढोबळ हिशोब म्हणजे तापमान ५-६ अंशांनी उतरलं की १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी. समजा तुम्ही २० अंशांच्या दुपारी ३३ पीएसआय भरलेत आणि एखाद्या पहाटे उणे १० झालं तर गेजवर २८ दिसणार, कुठेही पंक्चर नसताना. आणि मुळात २८ च असेल (उन्हाळ्यात भरली ती भरली, परत कोण बघतंय) तर तोच टायर त्या पहाटे २४ च्याही खाली जातो आणि दिवा लागतो. मग गाडी चालली की टायर तापतो, दाब वर चढतो, दिवा विझतो. विझला म्हणजे प्रश्न सुटला असं नाही, तुमचा टायर अगदी काठावर आहे एवढंच त्याचा अर्थ.

अजून एक, दिवा लागत नाही म्हणजे हवा ठीक आहे असंही समजू नका. अमेरिकेतल्या नियमात हा दिवा सांगितलेल्या दाबापेक्षा २५ टक्के खाली गेल्यावर लागला पाहिजे असं आहे. म्हणजे ३३ सांगितले असतील तर पार २५ पर्यंत येईस्तोवर तो गप्प बसू शकतो. त्याच्या भरवशावर राहण्यापेक्षा चांगलं गेज डिकीत ठेवा आणि थंडीत महिन्यातून एकदा तरी बघा, कारण धडधाकट टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय झिरपून जाते.

बघायची पण थंड टायरवर, म्हणजे गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. पंपापर्यंत चालवत नेऊन मग मोजली की आकडा फुगलेला येतो. आणि किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर बघायचं. टायरच्या अंगावर जो मोठा आकडा छापलेला असतो ती त्या टायरची कमाल मर्यादा, तुमच्या गाडीचा आकडा नव्हे. इतके लोक तो वाचून भरतात की विचारू नका.

शंकासुर

पण मग नायट्रोजन भरला की ही सगळी कटकट जाते ना? मला तर दरवेळी हेच सांगून भरतात.

पाना_नंबर_१७

@शंकासुर, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो हो. थंडीत तो पण तितकाच आकसतो, त्याला काही वेगळा नियम लागू नाही. फायदा एवढाच की तो जरा सावकाश झिरपतो आणि कोरडा असतो. फुकट मिळत असेल तर भरा, पण हवा बघायची सुटका नाही. नायट्रोजन भरलेल्या टायरमध्ये अडीअडचणीला साधी हवा टॉपअप केली तरी काही बिघडत नाही, त्यासाठी कमी हवेवर गाडी चालवत बसू नका.

स्टेपनी

आमच्याकडे उलटंच करतात, बर्फ पडला की हवा मुद्दाम चार-पाच पीएसआय कमी करायची, टायर जरा पसरतो आणि पकड वाढते. जुने लोक हेच सांगतात.

गारठलेला

@स्टेपनी, जुन्या लोकांचं बरोबर असेल पण ते वाळूत किंवा भुसभुशीत खोल बर्फात रुतलेली गाडी काढायला, तेही अगदी हळू चालवून, आणि बाहेर आलं की लगेच परत हवा भरून. रस्त्यावर रोज तसंच चालवलं तर नुकसानच आहे. हवा कमी असली की टायरचा मधला भाग आत दबतो आणि दोन्ही कडांवर सगळा भार येतो, नक्षीतल्या मुद्दाम दिलेल्या बारीक चिरा आणि खाचा मिटतात, पाणी बाहेर फेकायला जागा राहत नाही, वळणावर गाडी ढिली वाटते आणि कडा वेगळ्या घासतात. बर्फ वितळून जो पाणचट लगदा होतो ना त्यावर कमी हवेचा टायर लवकर तरंगायला लागतो.

उलटं पण नको, थंडीत उतरणारच आहे म्हणून आधीच भरमसाठ भरून ठेवणारेही पाहिलेत. स्टिकरवरचा आकडा, थंड टायर, बास. फक्त ज्यांचं गॅरेज गरम असतं त्यांनी लक्षात ठेवा, आत २० अंशांत बरोबर भरलेली हवा बाहेर उणे १० मध्ये ५ पीएसआयने कमी भरणार. त्यांनी आत भरताना तेवढा फरक धरूनच भरायची किंवा सरळ गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी मोजायची.

आता मूळ प्रश्न, ४ मिमीवर हिवाळा निघेल का. चाकोरीबाहेर, तुमच्या मताला माझं अनुमोदन. १.६ मिमी ही कायद्याची तळरेषा आहे, त्याखाली दंड होतो. त्याच्या वर टायर चांगलाच आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. नवा टायर साधारण ८ मिमीचा येतो. ओल्या रस्त्यावरची पकड ३ मिमीच्या खाली झपाट्याने घसरते म्हणतात आणि बर्फासाठी तर ४ मिमीलाच थांबा असं बहुतेक टायरवाले सांगतात. ऑस्ट्रियात तर विंटर टायर ४ मिमीच्या खाली गेला की कायदा त्याला विंटर टायर मानतच नाही. बऱ्याच विंटर टायरना खाचेत दोन वेगळे उंचवटे दिलेले असतात, एक १.६ चा नेहमीचा आणि दुसरा त्याहून उंच, तो नक्षीच्या पातळीला आला की या टायरची बर्फातली नोकरी संपली. तुमचे पुढचे आत्ताच ४ वर आहेत, म्हणजे हिवाळ्याच्या मध्यात तुम्ही त्याच्या खाली असणार.

खोली का लागते तेही सांगतो. ताज्या बर्फावर रबर बर्फाला धरत नाही, नक्षीच्या खाचांत बर्फ गच्च बसतो आणि त्या बर्फाची रस्त्यावरच्या बर्फाशी पकड होते. बर्फ बर्फाला चिकटतो, म्हणून तर गोळे होतात. खाच उथळ झाली की बर्फ धरायला जागाच नाही.

आणि खोलीपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे रबर. उन्हाळी टायरचं मिश्रण गरम रस्त्यासाठी केलेलं असतं, साधारण ७ अंशांच्या खाली ते कडक पडायला लागतं, रस्त्याच्या बारीक खडबडीत भागात ते शिरतच नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहील असं बनवतात आणि त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या बर्फावर उघडतात आणि असंख्य कडा पकड घेतात. म्हणून बर्फ नसलेल्या, नुसत्या गार ओल्या रस्त्यावरही फरक पडतो. लोक "आमच्याकडे बर्फ कुठे एवढा" म्हणतात तेव्हा हे विसरतात.

शंकासुर

ऑल-सीझन म्हणजे सगळे ऋतू ना पण? मग हिवाळा त्यात येत नाही का :)

गारठलेला

येतो, पण पाहुण्यासारखा. टायरच्या अंगावर नुसतं एम प्लस एस असेल तर तो म्हणजे कंपनीने स्वतःच लावलेला शिक्का, नक्षी चिखल-बर्फाला साजेशी आहे एवढाच, त्यासाठी चाचणी द्यावी लागत नाही. बघायचं असतं ते तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह. ते मिळवायला टायर दाबलेल्या बर्फावर पळवून ठरलेल्या संदर्भ टायरशी तुलना करतात आणि त्यात पास व्हावं लागतं. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यावर हेच चिन्ह चालतं, नुसतं एम प्लस एस चालत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे, तिथेही हेच चिन्ह लागतं. ज्याच्या त्याच्या देशाचे नियम ज्याने त्याने बघून घ्या, एका देशातून दुसऱ्या देशात गाडी घेऊन जाणाऱ्यांनी तर नक्कीच.

हल्ली काही ऑल-सीझनवर पण हा डोंगर असतो, उत्तर अमेरिकेत त्यांना ऑल-वेदर म्हणून विकतात. थोडा बर्फ, लगेच साफ होणारे रस्ते, असं असेल तर तो चांगला मधला मार्ग आहे, दरवर्षी टायर बदलायची भानगड नाही. पण डोंगराचं चिन्ह आहे म्हणजे काचेसारख्या गोठलेल्या थरावर पण चालेल असं नाही, ती चाचणी बर्फाच्या थरावरची आहे. युरोपातल्या नव्या लेबलवर २०२१ पासून गोठलेल्या थरावरच्या पकडीचं चिन्ह वेगळं आलंय, ते मुद्दाम शोधा.

हळूचालवा

दोनच टायर घेण्याबद्दल कोणी बोललंच नाही अजून म्हणून लिहितोय. करू नका. पुढे विंटर आणि मागे झिजके ऑल-सीझन लावले की गाडी निघेल झकास, ब्रेकही बरे लागतील, आणि त्यामुळेच तुम्ही जरा जोरात वळणात शिराल. पुढचे टायर रस्ता धरून वळतील आणि मागचे धरणारच नाहीत, ते सरळ जातील, म्हणजे गाडीचं शेपूट बाहेर येऊन गाडी गरकन फिरणार. पुढची चाकं घसरली तर निदान गाडी सरळ जाते, आपण पाय काढतो, वेग कमी होतो, थोडं तरी हातात राहतं. मागची सुटली तर सामान्य चालक सावरू शकत नाही, त्याला वेळच मिळत नाही. म्हणून चारही एकसारखे.

आणि विंटर नाही, साधे दोन नवे टायर बदलायचे झाले तरी नवे मागे लावायचे, ड्राइव्ह कुठेही असो. हे दुकानातही बऱ्याचदा उलटं करतात, पुढचेच लवकर घासतात म्हणून नवे पुढेच ठोकून देतात.

स्टेपनी

माझी चारही चाकांना ड्राइव्ह असलेली गाडी आहे, मला काय टायरची चिंता, बर्फातनं अशी निघते की बघत राहावं.

हळूचालवा

निघते, मान्य. थांबते का? ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात, त्यात तुमची गाडी वेगळं काही करत नाही. उलट वजनदार असेल तर थांबवायला अवघडच. चढावर अडकलेला माणूस निदान सुरक्षित जागी अडकलेला असतो, उतारावर न थांबणारा नाही. (हलके घ्या.) शिवाय अशा गाड्यांत चारही टायरच्या झिजेत फार फरक पडला तर ड्राइव्हच्या यंत्रणेवर ताण येतो, किती फरक चालतो ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला तर दोन-दोन बदलणं अजिबातच परवडणार नाही.

मीच_ती

सगळे एकदम बर्फावर पोचले, पण मधे पानगळ आणि पाऊस आहे ना! मला तरी बर्फापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटते कारण बर्फ दिसला की सगळे आपोआप जपून चालवतात, पानांकडे कोणी बघतच नाही. ओली पानं चाकाखाली चेपून चेपून त्यांचा बुळबुळीत थर होतो आणि नेमका वळणावर, चौकात, झाडाखाली. त्याखाली खड्डा आहे की फुटपाथची कड आहे की रस्त्यावरचा पट्टा, काही कळत नाही. वर पानांनी गटारं तुंबतात, मग कडेच्या लेनमध्ये पाणी साठतं, आणि ४ मिमीचा टायर त्यातून वेगात गेला की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. तसं झालं तर ब्रेक मारू नका, स्टिअरिंग फिरवू नका, अ‍ॅक्सिलरेटरवरनं पाय काढा आणि टायरला परत रस्ता सापडू द्या.

आणि टायर बघताना नक्षी नुसती मधेच मोजू नका, तीन ठिकाणी मोजा, आतली कड, मध्य, बाहेरची कड. आतली कड स्टिअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय दिसतच नाही. मधेच जास्त घासला असेल तर हवा जास्त असते, दोन्ही कडा घासल्या असतील तर कमी, आणि एकच कड घासली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन, बिघडलेली. ते नीट न करता नवे टायर चढवले तर तेही तसेच खाऊन टाकणार गाडी. पानगळीत खड्ड्यात आपटणं पण जास्त होतं, फुगा आलेला टायर दिसला तर तो बदलायचाच, तो दुरुस्त होत नाही, आतले धागे तुटलेले असतात.

अवांतर: वाळलेल्या पानांच्या ढिगावर तापलेली गाडी उभी करू नका, खालचा एक्झॉस्ट इतका गरम असतो की पानं पेटू शकतात.

निवांत_निनाद

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी दोन ओळी. गाडी जड असते म्हणून टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) बघाच, नेहमीच्या मापाचा विंटर टायर बसला तरी त्याची भार घ्यायची ताकद कमी असू शकते. आणि पेडल सोडलं की मोटर जे जोरात रोखते ना, ते ब्रेक फक्त ड्राइव्हच्या चाकांवर लागतात. गुळगुळीत रस्त्यावर त्यानेही चाक घसरू शकतं, मागच्या चाकांची ड्राइव्ह असेल तर आणखीच. यंत्रणा सांभाळून घेते बऱ्यापैकी, पण सेटिंग असेल तर बर्फात मी ते सौम्य करून ठेवतो. रेंज थंडीत कमी होते त्यात कमी हवेच्या टायरची भर कशाला घालायची, तेवढं वरच्यांनी सांगितलंच आहे.

चाकोरीबाहेर

किती छान माहिती, वाचनखूण साठवली! नवऱ्याला सगळं वाचायला लावलं. आज सकाळी हवा मोजली, चारपैकी तीन टायर स्टिकरपेक्षा बरेच खाली होते, भरल्यावर दिवा गेला. म्हणजे सेन्सर निर्दोष. आणि दोनच टायरचा विचार सोडला, ते शेपटाचं वर्णन वाचून नवऱ्यानेच आधी नाही म्हटलं.

तर चार विंटर घ्यायचं ठरतंय. आता दुकानात दोन पर्याय सांगतात, याच रिमवर दरवर्षी टायर काढा-घाला किंवा वेगळ्या स्टीलच्या रिमचा सेट. आणि वेगळा सेट घेतला तर एक माप अरुंद घ्या म्हणतात. अरुंद कशाला? रुंद टायरची पकड जास्त असते ना? आणि ओळखीतून एक वापरलेला सेट पण मिळतोय, नक्षी चांगली ७ मिमी आहे म्हणे.

पाना_नंबर_१७

वापरलेल्या सेटचं आधी. नक्षी नंतर, आधी वय विचारा. टायरच्या अंगावर डॉट या अक्षरांनी सुरू होणारा लांबलचक कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ३५१५ म्हणजे २०१५ चा पस्तिसावा आठवडा. कधीकधी पूर्ण कोड एकाच बाजूला असतो आणि ती बाजू गाडीच्या आत असते, म्हणून खाली वाकून बघावं लागतं. रबर वापरा नाहीतर नुसतं ठेवा, वयाने कडक होतंच, आणि विंटर टायरचं सगळं भांडवलच मऊपणा आहे. सात मिमी नक्षीचा पण नऊ-दहा वर्षांचा विंटर टायर म्हणजे दिसायला पैलवान. दहा वर्षांच्या पुढे तर कितीही छान दिसला तरी काढून टाका असं टायर कंपन्याच सांगतात. ठोकळ्याच्या मुळाशी, साईडवॉलवर बारीक भेगा दिसतात का बघा. पंक्चर काढलेलं असेल तर नक्षीच्या मधल्या भागात आणि आतून पॅच लावलेलं चालतं, कडेला किंवा साईडवॉलला काढलेलं असेल तर नको.

अरुंद टायर बर्फाच्या लगद्यात आणि मऊ बर्फात तेच वजन कमी जागेवर टाकतो, थर कापून खालच्या घट्ट थराला पोचतो, रुंद टायर वर चढून बसायला बघतो. फक्त कोणतंही माप आपल्या मनाने घ्यायचं नाही, गाडीच्या पुस्तकात किंवा दाराच्या स्टिकरवर पर्यायी मापं दिलेली असतात त्यातलंच, आणि बाहेरचा एकूण व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो. लोड इंडेक्स कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नको.

वेगळ्या रिमचा सेट पहिल्यांदा खर्चिक वाटतो पण माझं मत त्यालाच. टायर रिमवरून सारखा उतरवला-चढवला की त्याची कड दुखावते, दरवेळी बॅलन्सिंग, आणि मीठ टाकलेल्या रस्त्यांवर चांगल्या अलॉय रिमची वाट लागते ते वेगळंच. फक्त तुमची गाडी सेन्सरवाली असेल तर नव्या रिमना पण सेन्सर लागतील, नाहीतर तो पिवळा दिवा सगळा हिवाळा सोबतीला. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच, एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकाच्या फिरण्याचा वेग बघून अंदाज घेतात, अशा गाडीत टायर बदलले किंवा हवा भरली की मेनूत जाऊन रिसेट करावं लागतं. तुमची कुठली ते पुस्तकात बघा.

मीच_ती

चाकं घरी बदलणार असाल तर नट आवळताना एका रांगेत नाही, समोरासमोरचे आवळा, आधी हवेत हलके आणि मग गाडी खाली टेकवून पूर्ण. पान्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही :) टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरा, आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. आणि ५० ते १०० किमी चालल्यावर परत एकदा आवळून बघायचं, हे सगळे विसरतात. हबवर गंज धरलेला असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा, त्या गंजाच्या पापुद्र्यावर चाक आवळलं तर नंतर ते ढिलं पडतं. नटाच्या आट्यांना ग्रीस लावू नका, त्याने टॉर्कचा आकडा खोटा येतो. टायरवर फिरण्याचा बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेला आहे ना, बघा.

काढलेल्या चाकांवर खडूने लिहून ठेवायचं पुढचं डावं, मागचं उजवं वगैरे. धुवून, कोरडी करून, अंधाऱ्या गार जागी. रिमसकट असतील तर एकावर एक आडवी रचा किंवा टांगा, नुसते टायर असतील तर उभे ठेवा आणि अधूनमधून थोडे फिरवा. बॉयलर किंवा मोटर चालते त्या खोलीत नको, तिथल्या ओझोनने रबर फुटतं.

शंकासुर

खिळेवाले टायर आणि साखळ्या यांचं काय? आणि चाकोरीबाहेर ताईंनी आत्ताच लावायचे की पहिला बर्फ पडल्यावर? लवकर लावले तर मऊ रबर उगाच झिजणार.

गारठलेला

खिळे फक्त जिथे महिनोन्महिने रस्त्यावर काचेसारखा थर असतो तिथेच, बाकी कोरड्या डांबरावर ते नुसते आवाज करतात आणि रस्ता उखडतात, बऱ्याच ठिकाणी बंदी पण आहे. साखळ्या डोंगराळ भागात जाणार असाल तर डिकीत हव्यात, ड्राइव्हच्या चाकांना लावायच्या, म्हणजे तुमच्या पुढच्या. वेग साधारण ५० च्या आत आणि बर्फ संपला की लगेच काढायच्या. घरासमोर कोरड्यात एकदा लावून काढून बघा, अंधारात गोठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.

वेळेचं म्हणाल तर बर्फाची वाट बघू नका. रोजची सकाळ ७ अंशांच्या खाली राहायला लागली की लावून टाका, झीज होते ती उन्हाळ्यात तसेच ठेवले तर, दोन आठवड्यांनी काही होत नाही. शिवाय नव्या टायरवर साच्यातला पातळ थर असतो, तो जाऊन पकड पूर्ण यायला पहिले काही शे किलोमीटर जपून चालवावं लागतं, ते कोरड्या रस्त्यावर झालेलं बरं. आणि पहिला बर्फ पडला त्या दिवशी टायरच्या दुकानात नंबर लागणं विसरा.

चाकोरीबाहेर

ठरलं मग. वापरलेल्या सेटचा कोड विचारला, तर मालक म्हणे "बघून सांगतो" आणि गायब. नवे चार, एक माप अरुंद (पुस्तकात दिलंय ते माप, बघितलं), स्टीलच्या रिमवर, सेन्सरसकट सांगितलेत. पुढच्या आठवड्यात बसवणार. एक शेवटचं, मागे एकदा बर्फातून घरी येऊन गाडी रात्रभर ठेवली आणि सकाळी हायवेला स्टिअरिंग थडथड करायला लागलं, बॅलन्सिंग गेलं म्हणून नेली तर काहीच निघालं नाही. असं का होतं?

हळूचालवा

रिमच्या आतल्या बाजूला बर्फ जाऊन गोठलेला असणार. एकाच बाजूला गोळा बसला की चाक असमान होतं आणि वेगात हादरे देतं, दुकानात पोचेपर्यंत वितळून जातं म्हणून त्यांना काही सापडत नाही. निघायच्या आधी चाकाच्या आत आणि वर मडगार्डच्या पोकळीत बघून घ्या, प्लास्टिकच्या खरवडणीने निघतो. गरम पाणी ओतू नका, तेच परत गोठतं. कडक थंडीत रात्रभर उभ्या गाडीचे टायर खालून जरा चपटे पण होतात, ती थडथड थोडं चालवलं की आपोआप जाते. दोन्ही नसेल आणि तरी राहिली तर मात्र थांबून आधी नट बघा, मग बाकी सगळं.

स्टेपनी

या धाग्यात माझ्या नावाला कोणी विचारलंच नाही, म्हणून स्वतःच सांगतो, डिकीतल्या स्टेपनीची पण हवा बघा. बारक्या तात्पुरत्या चाकाला ६० पीएसआय लागते, त्याच्यावरच लिहिलेलं असतं, आणि ती वर्षानुवर्षं कोणी भरत नाही. वेग ८० च्या आत. आणि स्टेपनीऐवजी पंक्चरचं द्रव्य दिलेलं असेल तर बाटलीवरची तारीख बघा, त्याला एक्सपायरी असते.

(आणि हो, माझ्या गाडीचे टायर मोजले. मागचे ३ मिमी निघाले. हळूचालवा, काही बोलू नका.)